समुद्राची आवड, पण नेमकी कशाची?

चिपळूण,
रविवार

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "मला समुद्राची आवड आहे, बाबा मर्चंट नेव्ही म्हणतात, मला काही सुचत नाही." फोन केला असता तर मागून दादा बोलला असता, पुढून वहिनी, आणि तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" केलं असतंस. म्हणून हे पत्र.

समुद्राची आवड आहे असं तुमच्या बुरोंडीत कुणीही सांगेल. पण बंदरावर जरा माणसं निरखून बघ. तांडेलाचं लक्ष वाऱ्याकडे आणि पाण्याच्या ओढीकडे. नाखवा डिझेलचा आणि बर्फाचा हिशोब घालत असतो. इंजिनाखाली आडवा पडलेला मिस्त्री दिवसभर समुद्राकडे मान वळवून बघत नाही, तरी त्याच्यावाचून होडी हलत नाही. आणि लिलावाला बसलेल्या बायका? पाटीतल्या मालाचा आणि समोरच्याच्या खिशाचा अंदाज त्या एकाच नजरेत घेतात. सगळे समुद्रावरच जगतात, पण एकाचं काम दुसऱ्याला दिलं तर आठवड्यात वैतागेल. यातलं तुझं कुठलं, हे विचारायला हवं.

गेल्या गणपतीत मी आले होते तेव्हा होडी लागली की बाकीची पोरं सुरमई बघायला धावायची आणि तू जाळ्यातून झटकून टाकलेल्या ढिगापाशी उकिडवा बसायचास. केंड, पाकटाचं पिल्लू, कोणी विकत घेणार नाही असल्या चिंबोऱ्या. आजोबांना नावं विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहायचास. चिंबोरी उलटी करून तूच मला दाखवलंस, की मादीच्या पोटावरची झडप रुंद असते आणि नराची निमुळती. मी इतकी वर्षं चिंबोऱ्या खाल्ल्या, ते कधी बघितलं नव्हतं! त्याचे तुला मार्क मिळणार नव्हते आणि ते करायला कोणी सांगितलंही नव्हतं. आवडीचा माग काढायचा तर असल्याच गोष्टींवरून काढावा.

२०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची सरकारी कल चाचणी व्हायची. कृषी, वाणिज्य, तांत्रिक, ललित कला, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं होती. चाचणी वाईट नव्हती, पण क्षेत्राचं नाव हातात पडलं तरी त्यातला दिवस कसा जातो ते कळत नाही. तुमच्या जवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे अशा चाचणीला बसले असते तर निकालात गणित आलं असतं, आणि ते खरंही होतं; फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणितच शिकवलं. पण १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, ते कुठल्या रकान्यात बसवायचं?

तेव्हा ज्या कामाचा विचार करतोस ते करणारा माणूस गाठ आणि त्याला पगार विचारायच्या आधी विचार, की मंगळवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करत असता?

मर्चंट नेव्हीतला माणूस सांगेल की ब्रिजवर किंवा इंजिनरूममध्ये चार तासांची पाळी, आठ तास सुटी, पुन्हा चार तास. घरापासून सलग कित्येक महिने लांब. पैसा चांगला, शिस्त कडक, आणि मासा दिसला तर ताटात. वाईट काम नाही ते. ज्याला यंत्र, नकाशा आणि एकटेपणा मानवतो त्याने जरूर जावं. फक्त तुझ्या वहीचं मागचं पान तिथे उपयोगी पडणार नाही. आणि जायचंच ठरलं तर दारावर येणाऱ्या एजंटाच्या हातात एक रुपया देऊ नका. प्रशिक्षण संस्थेला सरकारच्या डीजी शिपिंगची मान्यता आहे का, ते आधी त्यांच्याच यादीत बघायचं.

दुसरी वाट आपल्याच जिल्ह्यात आहे. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ सालचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची पदवी. माशांची पैदास, त्यांचे रोग, जाळी, प्रक्रिया, सगळं शिकवतात. पुढे शिकायचं तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पण तिथेही मंगळवार विचारच. सूक्ष्मदर्शकाखाली खवले मोजणं, तळ्यातल्या पाण्याचा प्राणवायू तपासणं, तक्ते भरणं यात बराच वेळ जातो. सरकारी जागा थोड्या आणि त्यांच्यामागे धावणारे पुष्कळ, हेही आत्ताच ऐकून ठेव.

तिसरी गोष्ट बघायला फार लांब जायला नको. आमच्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रची माणसं समुद्रगरुडाची पाहणी करत वेळासला गेली होती, तिथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. २००२ पासून त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. एवढ्या एका कासवामागे किती जणांचं काम होतं बघ. वाळूतला माग ओळखणारा गावातला कासवमित्र, भारतीय वन्यजीव संस्थेतले जीवशास्त्रज्ञ, कांदळवन प्रतिष्ठानची माणसं, यंत्र बनवणारे, आणि ती कुठे पोहते ते नकाशावर उतरवणारे. यातल्या काहींनी बारावीला जीवशास्त्र घेतलं असेल, काहींनी नसेल. कासवमित्राला तर ते कोणी विचारलंही नाही.

कोळथऱ्यालाही कासवं येतात. थंडीत तिथल्या कासवमित्राबरोबर पहाटे चालायची परवानगी माग. बहुतेक दिवशी काहीही सापडणार नाही. नुसती वाळू आणि कुत्र्यांचे पाय. रिकाम्या हाताने परतल्यावरही दुसऱ्या दिवशी उठावंसं वाटतं का, ते मला कळव. घरटं सापडल्याच्या आनंदावरून मी काही ठरवणार नाही, तो सगळ्यांनाच होतो.

आता दादाचं. त्याचा राग धरू नकोस. पावसाळी मासेमारीबंदीत घर कसं चालतं ते त्याने बघितलंय, त्याला महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा दिसतो. त्याच्याशी "मला हेच करायचंय" असा वाद घालू नकोस, कारण तुला अजून ते माहीत नाही. त्याला एवढंच सांग की अकरावीला विज्ञान घेतो, आणि त्यात गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवतो. जहाजाला भौतिक, रसायन आणि गणित लागतं, माशांना जीवशास्त्र. अभ्यास जास्त पडेल, पण दोन वर्षं दोन्ही दारं उघडी राहतील आणि घरात भांडण होणार नाही. त्याला मी वेगळा फोन करतेच.

वहिनीला सांग, सुकट पोचली.

तुझी,
आत्या

ता. क. जहाजावर जायला रंग नीट ओळखता यावे लागतात. तेव्हा दापोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंगांधळेपणाची तपासणी याच महिन्यात करून घे. पैसे मी पाठवते. त्यात काही निघालं तर निम्मा वाद तिथेच मिटेल.