आजीचा करडा रंग

आजीच्या वर्षश्राद्धाला फोटो लावायचा होता. तिचा एकच बरा फोटो घरात आहे, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल. मी तो स्कॅन केला आणि तळोजा फेज एकमधल्या एका दुकानात प्रिंटला दिला. काकांनी विचारलं, "सेटिंग काय ठेवू?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऐटीत म्हटलं, "ऑटो ठेवा."

प्रिंट बघून आत्या हरखली. "आई किती उजळ दिसतेय बघ!"

आजी उजळ नव्हती. सावळी होती, माझ्यासारखी. "आजीवर गेलीस गं," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ते दर वेळी कौतुकाने म्हटलेलं नसायचं. आता भिंतीवर जी बाई लागणार होती, तिच्यावर मी गेलेच नव्हते.

मी पुन्हा दुकानात गेले. या वेळी स्क्रीनसमोर बसले.

कृष्णधवल फोटो म्हणजे संगणकासाठी नुसते आकडे. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, मधले सगळे करडे. कोणत्या आकड्याला कोणत्या कागदावर किती शाई, हे प्रोफाइल ठरवतं. रंग सॉफ्टवेअरने सांभाळायचे की प्रिंटरने, हे आपण सांगायचं असतं. दोघांनीही सांभाळले तर फोटो बिघडतो. शिवाय कागदावर स्क्रीनइतका गडद काळा उतरत नाही, मॅट कागदावर तर नाहीच. म्हणजे काहीतरी गमवावं लागणारच. 'पर्सेप्चुअल' निवडलं तर सगळ्याच छटा थोड्या थोड्या सरकतात. 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' निवडलं तर जमतील त्या छटा जागेवर राहतात आणि कागदाच्या आवाक्याबाहेरचा अंधार एकच काळा होतो.

मग खरा रंग कोणता? मूळ फोटोतला म्हणावा, तर कॅमेराही कुठे तटस्थ असतो? १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या काळातली फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. तिच्यावर लालभडक कुंकूही काळं उमटायचं. निखळ खरं असं सेटिंग नसतंच.

पण म्हणून सगळी सेटिंग्ज सारखी ठरत नाहीत. काय गमवायचं आणि ते कोणी ठरवायचं, हा प्रश्न उरतोच. 'ऑटो' म्हणजे निर्णय न घेणं, असं मला वाटत होतं. खरं तर तोही निर्णयच, आजीला कधीही न पाहिलेल्या कुणीतरी घेतलेला. ऑफिसात असे डीफॉल्ट मीही लिहिते, 'बहुतेकांना आवडेल' या हिशेबाने. इथेही बहुतेकांना आवडलंच होतं की.

आत्याला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "तिलाही आवडलं असतं. फोटोला जाताना पावडर लावूनच गेली असणार ती."

याचं उत्तर मला लगेच सुचलं नाही. तिचं म्हणणं कदाचित खरंही असेल. पण ती पावडर आजीने स्वतः, आरशात बघून लावली असती. ही मी लावली, तीही न बघता.

दुसऱ्या प्रिंटला आपोआप उजळणं बंद केलं, प्रिंटरची रंगदुरुस्ती बंद केली, त्या कागदाचं प्रोफाइल घेतलं आणि रिलेटिव्ह निवडलं. पदराच्या गडद घड्या काळ्यात बुडाल्या. चेहरा राहिला.

पहिली प्रिंट आत्या तिच्या घरी घेऊन गेली. आमच्या भिंतीवर दुसरी आहे.