गुडघ्यावर बसलेला अनामिक

तारकासमूहांच्या गोष्टी म्हणजे प्राचीन ग्रीकांचा धर्म, आणि विज्ञान आले तेव्हा ती श्रद्धा आपोआप ओसरली, अशी एक सरधोपट समजूत आहे. तिच्याविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा ग्रीकांच्याच आकाशात सापडतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अराटसने युडोक्ससच्या ग्रंथाच्या आधारे ताऱ्यांवर दीर्घकाव्य रचले. त्यात कालेय सर्पाच्या डोक्यावर पाऊल ठेवून, हात पसरून, गुडघ्यावर टेकलेला एक माणूस येतो. हा कोण आणि कसल्या कष्टात आहे, हे कुणालाच सांगता येत नाही, असे अराटस सरळ लिहून टाकतो. आज आपण त्याला शौरी म्हणतो, म्हणजेच हर्क्युलिस. पण ही ओळख मागाहून चिकटली. हायजिनसने जमवलेल्या मतांत तो थिसियस आहे, ऑर्फियस आहे, चाकाला बांधलेला इक्सियॉन आहे, जखडलेला प्रोमिथियसही आहे. त्या बैठकीला शोभेल असा पुराणातला जो कुणी आठवला, तो तिथे बसवून पाहिलेला दिसतो. श्रद्धास्थान असे उमेदवार तपासून ठरत नाही.

मकर राशीचेही तेच. शेळीचे धड आणि माशाचे शेपूट ही आकृती बाबिलोनची, ग्रीकांहून जुनी. ग्रीकांच्या हाती चित्र तयार आले, आणि मग टायफॉन राक्षसाला भिऊन पॅनने नदीत उडी मारली व त्याचा पाण्याखालचा भाग मासा झाला, ही गोष्ट जुळवावी लागली. बेरेनिस राणीच्या केसांचे तर साल-तपशीलच माहीत आहेत. इ.स.पू. 245 च्या सुमारास, नवरा तिसरा टॉलेमी सीरियाच्या मोहिमेवरून सुखरूप परतावा म्हणून तिने वाहिलेली बट देवळातून नाहीशी झाली आणि कोनॉन या खगोलज्ञाने ती सिंहाजवळच्या अंधुक ताऱ्यांत ‘शोधून’ काढली. कॅलिमॅकसने लगोलग त्यावर कविता केली.

कुणी म्हणेल, ही उशिराची उदाहरणे झाली. होमरच्या काव्यात अकिलिसच्या ढालीवर कृत्तिका, ओरायन आणि अस्वल आहेतच की. आहेत. काही गोष्टी खरोखर जुन्या आहेत. पण त्या अस्वलाचेच पाहा. ते सागरात कधी बुडत नाही, याचे कारण म्हणून हेराने सवतीच्या मत्सरापायी अस्वल झालेल्या कॅलिस्टोला सागरस्नान नाकारले, असे सांगतात. अराटस मात्र अस्वलांना बाळ झ्यूसला गुहेत सांभाळणाऱ्या दाया ठरवतो. दोन्ही कथा शेजारी शेजारी सुखाने नांदल्या. (महाराष्ट्रातून ते अस्वल, म्हणजे आपले सप्तर्षी, मावळताना दिसतात; ही शिक्षा इथे कुणाला सुचलीच नसती.)

याहून वजनदार आक्षेप केआ बेटाचा आहे. तिथले पुजारी व्याधाच्या उदयापूर्वी यज्ञ करत, भर उन्हाळ्यात गार वारे सुटावेत म्हणून. हा धर्मच, वादच नाही. मात्र ग्रीकांच्या लेखी कुत्रा असलेला हा व्याध नेमका कुणाचा, यावर त्या यज्ञाचे काही अडत नव्हते. मृग निघाला की पेरणीच्या मागे लागणाऱ्या आपल्या शेतकऱ्यालाही प्रजापतीची कथा आठवावी लागत नाही. अराटसची भक्तीही याच जातीची आहे: काव्याच्या आरंभी तो झ्यूसला नमन करतो ते नांगरणीचा आणि लागवडीचा हंगाम कळावा म्हणून त्याने आकाशात खुणा रोवल्या, यासाठी. स्टोइक तत्त्वज्ञांच्या सहवासात राहिलेल्या या कवीला देव दिसतो तो खुणांच्या न चुकणाऱ्या फेऱ्यात. कुणाचे बिंग फुटले नि कुणाचा सूड घेतला गेला, हे तो चवीने सांगतो, पण त्यावर भिस्त ठेवत नाही.

गोष्ट हीच श्रद्धा असे मानून आकाश सुधारायला एक जण निघाला होता. 1627 मध्ये युलियुस शिलरने नवा नकाशा काढून बारा राशींच्या जागी बारा प्रेषित बसवले, मेषेच्या जागी पीटर, आणि अर्गो जहाजाचे नोहाचे तारू केले. ख्रिस्ती युरोपनेच तो बाजूला ठेवला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 1922 साली 88 तारकासमूहांची यादी मान्य केली, तीत मेष आहे, अर्गोचे तीन तुकडे आहेत, बेरेनिसचे केसही आहेत, पीटर नाही.