भेग कोणाची?

कॅटलान भाषेत 'तापिया' म्हणजे मातीची भिंत. बार्सिलोनाचा चित्रकार आंतोनी तापिएस (१९२३–२०१२) याने हे आडनाव सार्थ केले. त्याच्या लहानपणी स्पेनमध्ये यादवी युद्ध झाले, मग फ्रँकोची हुकूमशाही आली. वर्तमानपत्रांची तोंडे बंद असताना शहराच्या भिंती तेवढ्या बोलत होत्या: गोळ्यांच्या खुणा, चोरून लिहिलेल्या घोषणा, त्यांवर घाईने फासलेला चुना. १९५०च्या दशकात तापिएसने कॅनव्हासवर संगमरवराच्या भुकटीचे आणि वाळूचे जाड थर चढवले, ते ओरबाडले, त्यांत खाचा पाडल्या. थर वाळताना पडलेले तडेही चित्राचाच भाग झाले. अशा चित्रात आज एखादी भेग दिसली, तर ती त्याची की काळाची? संवर्धकाने त्याची भेग बुजवली तर चित्र बिघडते, काळाची तशीच सोडली तर थर गळू लागतो. नुसत्या डोळ्यांनी याचा निवाडा होत नाही. म्हणून तापिएसचा वारसा जपायचा तर चित्रांच्या बरोबरीने त्यांच्या घडणीची माहितीही जपावी लागेल: वापरलेली द्रव्ये, कामाची छायाचित्रे, पत्रे, छापखान्यातल्या चाचणी-प्रती.

त्याची मुद्राचित्रे पाहिली की हे अधिक पटते. कार्बोरंडमच्या पद्धतीत कठीण भुकटी चिकट द्रव्यात कालवून प्लेटवर लावतात. ती वाळून खरखरीत होते, शाई धरून ठेवते, आणि दाबाखाली ओलसर जाड कागदावर उमटते ती काळ्या रंगाची बोटाला जाणवणारी खडबडीत रेघ. हा उठाव हेच चित्र आहे. काचेखाली सपाट दाबून ठेवलेली प्रत 'सुरक्षित' असते खरी, पण तिचा प्राण गेलेला असतो. १९७४ साली साल्वादोर पुच आंतिक या तरुण अराजकतावाद्याला फ्रँकोच्या राजवटीने गळा आवळून मृत्युदंड दिला, त्याच्या निषेधात तापिएसने 'मारेकरी' ही लिथोग्राफची मालिका केली. तो संदर्भ हरवला, तर पुढच्या पिढीच्या हाती उरतील ते फक्त देखणे डाग.

कोणी म्हणेल, चित्राने स्वतःच्या बळावर बोलावे, त्याला कागदपत्रांच्या कुबड्या कशाला? चित्र बोलतेच, पण त्याची भाषा कानावरून गेलेली असावी लागते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. झेन विचाराची ओढ असलेल्या, जीर्णतेत सौंदर्य पाहणाऱ्या या माणसाची चित्रे झिजू द्यावीत, तीच त्याच्याशी खरी निष्ठा. पण जीर्णता स्वीकारणे वेगळे आणि हेळसांड वेगळी. शिवाय तापिएसने स्वतःच १९८४मध्ये प्रतिष्ठान स्थापले. १९९०मध्ये ते लुईस दोमेनेक इ मोंतानेरने उभारलेल्या एका जुन्या प्रकाशनगृहाच्या वास्तूत खुले झाले. तिथे त्याने नुसती आपली चित्रे टांगली नाहीत. आशियाई कलांवरील ग्रंथांनी समृद्ध असे ग्रंथालय ठेवले, इतर कलावंतांची प्रदर्शने भरवली. एकाच माणसाचे संग्रहालय हळूहळू त्याचे देऊळ होते ही भीती खोटी नाही, आणि तिच्यावरचा उतारा म्हणजे असे वाचनाचे टेबल. शिवाय सगळे काही एका छताखाली कधीच येणार नाही. लाल पट्ट्यांचे 'कॅटलान आत्मा' हे १९७१चे चित्र आज पाम्प्लोनाच्या विद्यापीठातील संग्रहालयात आहे. चित्रे विखुरतात, त्यांच्याविषयीचे ज्ञान मात्र एकत्र ठेवता येते.

न झालेल्या कामांचेही तसेच. कॅटलोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयासाठी तापिएसने १८ मीटर उंचीचा, भोक पडलेला मोजा सुचवला होता. वादळ उठले, मोजा झाला नाही. २०१०मध्ये त्याची २.७५ मीटरची आवृत्ती प्रतिष्ठानाच्या गच्चीवर उभी राहिली. ती पाहणाऱ्याला मोजा दिसतो. एका साध्या, फाटक्या वस्तूला सन्मान देण्यावरून एवढे मोठे शहर का भांडले, हे मात्र त्याला खालच्या मजल्यावरच्या कागदांतच शोधावे लागेल.