गणरायाची अट आणि मनूचा करार

॥ श्री गणेशाय नमः ॥



गणेशोत्सवात आपण मुलांना एक कथा हमखास सांगतो. महाभारत सांगायला व्यास महर्षी बसले आणि लिहून घ्यायला गणराय. गणरायांनी अट घातली, "माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये." व्यासांनीही उलट अट घातली, "अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही." दोघांनी एकमेकांची अट मान्य केली, तेव्हा कुठे काम सुरू झाले. साक्षात देव समोर असला तरी करार एकतर्फी नव्हता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अशा मोठ्या कष्टाने लिहिल्या गेलेल्या या ग्रंथाच्या शांतिपर्वात आणखी एका कराराची हकिगत आहे. शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगत आहेत. ते म्हणतात, पूर्वी राजा नव्हता. मोठा मासा लहान माशाला गिळतो तसे बलवान दुबळ्याला खात होते. तेव्हा लोक एकत्र जमले. त्यांनी आधी आपसात करार केला की जो कठोर बोलेल, दांडगाई करील, परस्त्रीच्या अब्रूला हात घालील, दुसऱ्याचे धन लुबाडील, त्याला आपण दूर करायचे. काही काळ तसे राहिले, पण तेवढ्याने भागेना. मग सगळे ब्रह्मदेवाकडे गेले आणि "आम्हांला राजा द्या" म्हणाले. ब्रह्मदेवाने मनूला सांगितले.

आणि मनूने चक्क नकार दिला! तो म्हणाला, मला पापाचे भय वाटते. राज्य करणे महाकठीण, त्यातून माणसे नेहमी खोटे वागणारी. तेव्हा लोकांनी त्याला धीर दिला. पाप ज्याचे त्याला लागेल. तुझ्या कोषासाठी आम्ही पशू आणि सोने यांचा पन्नासावा भाग देऊ, धान्याचा दहावा भाग देऊ. आणि तुझ्या रक्षणाखाली आम्ही जो धर्म आचरू, त्याच्या पुण्याचा चौथा हिस्सा तुझा.

राज्य हे लोकांच्या संमतीतून उभे राहते, हा विचार पुढे युरोपात हॉब्जने १६५१ मध्ये, लॉकने १६८९ मध्ये आणि रूसोने १७६२ मध्ये आपापल्या परीने मांडला. त्याला 'सामाजिक करार' असे नाव पडले. आज आपण ज्या अमेरिकेत राहतो, तिचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाही याच पायावर उभा आहे. पण भीष्मांच्या कथेत पैशाच्या कराबरोबर पुण्याचाही वाटा आहे. पूजा, दान, विद्याभ्यास हे सारे शांतपणे करता येते, ते कोणीतरी रक्षण करते म्हणून. आपल्याच उत्सवाचे पाहा. विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर रहदारी वळवणारा पोलीस आपल्या आरतीत नसतो, पण आरतीच्या पुण्यात त्याचा वाटा आहे.

कराराची दुसरी बाजूही भीष्म लपवत नाहीत. रक्षण न करणारा राजा फुटक्या नावेसारखा टाकून द्यावा, असे ते सांगतात. आणि प्रजेचे रक्षण झाले नाही, तर तिच्या पापाचाही चौथा हिस्सा राजाच्या माथी येतो. आपल्या मराठी राज्याने हे ओळखले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी ताकीद आहे. आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. सत्ता हाती असूनही विचारून घेणे, याचे नाव राजधर्म.

आता प्रश्न आपला. लोकशाहीत राजा कोण? भारताचे संविधान असो वा अमेरिकेचे, दोन्हींची सुरुवात लोकांच्या नावानेच होते. म्हणजे प्रजाही आपणच आणि राजाही आपणच. मग तो पुण्याचा चौथा हिस्सा आपला, आणि पापाचाही! मनूला वाटलेले भय आपल्याला कधी वाटते का? जेवणाच्या पंगतीत आपण दोन्ही देशांच्या पुढाऱ्यांचे खोटेपण मोजतो. पण मनू तर लोकांच्या खोटेपणाला भ्यायला होता.

मी स्वतःचेच सांगतो. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी पेढे वाटले. पुढे ज्युरीच्या कामाचे बोलावणे आले, तेव्हा पहिला विचार आला तो सबब शोधण्याचा. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, शपथ हात वर करून घेतली होती ना?" मी गेलो. पण तो पहिला विचार अजून टोचतो.

आपल्यातले अनेकजण व्हिसावर आहेत. कर भरतात, पण मत नाही. त्यांना वाटेल, आमचा कसला करार? त्यांनी कथेतला पहिला करार आठवावा. तो राजाशी नव्हता, शेजाऱ्याशी होता. गोड बोलणे, दांडगाई न करणे, दुसऱ्याचे न घेणे यासाठी कोणत्याही शिक्क्याची गरज नाही.

आणि जाता जाता, थोडे कटू. आरतीला आपला हॉल भरतो, पण वार्षिक सभेला कोरम भरत नाही. प्रसाद सर्वांना हवा, हिशेब तपासायला कोणी नको. पुढच्या सभेला मुलांना घेऊन या. करार कसा पाळायचा, हे ती तिथेच शिकतील.

अर्थ समजल्याशिवाय अक्षर न लिहिणारा गणराय आपल्याला दिलेल्या शब्दाचा अर्थ समजण्याची बुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!