ज्ञानाची प्रमाणे आणि आमचे वर्ग

मुलांना कसे शिकवावे, या प्रश्नावर वाद घालणारे लोक त्याहून मूळचा एक प्रश्न बहुधा विसरतात. ज्ञान म्हणजे काय व ते मनुष्यास कसे होते, हा तो प्रश्न होय. शिक्षकाने तत्त्वज्ञानाचे नावही काढले नाही, तरी फळ्यापाशी उभे राहताच त्याने या प्रश्नाचे काही एक उत्तर गृहीत धरलेलेच असते.

प्लेटोच्या 'मेनो' या संवादातील प्रसंग पाहा. सॉक्रेटीस एका अशिक्षित दासास दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवितो व त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू केवढी, असे विचारतो. मुलगा प्रथम चार फूट म्हणतो, मग तीन. दोन्ही उत्तरे आकृतीवरूनच चुकीची ठरतात. अखेर मूळ चौरसाचा कर्ण हीच इष्ट बाजू, हे त्यास पटते. ज्ञान आत्म्यात पूर्वीपासूनच असते, शिकणे म्हणजे केवळ स्मरण, असे प्लेटोचे मत. म्हणून त्याचा गुरू सांगत नाही, विचारतो.

याउलट मन हे आरंभी कोऱ्या कागदासारखे असून त्यावरील सर्व लिखाण अनुभवाचे, असे लॉकने १६९० साली प्रतिपादिले. १६९३ च्या आपल्या शिक्षणविषयक पुस्तकात त्याने पाठ केलेल्या नियमांपेक्षा सवयीवर भर दिला, तो या मताशी सुसंगतच आहे. परंतु ही उपमा शिक्षकांच्या हाती पडली, की कागद कोरा, तेव्हा लेखणी आमची, असा तिचा सोयीस्कर अर्थ होतो!

येथे कोणी म्हणेल, सर्वच ज्ञान मुलाने स्वतः शोधावयाचे, तर इतिहास कसा शिकावयाचा? आक्षेप रास्त आहे. आमच्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीस शब्द हेही प्रमाण मानले, ते उगीच नव्हे. मात्र त्यांच्या मते शब्द हा आप्ताचा उपदेश असावा लागतो. आणि ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात् जाणली, तोच वात्स्यायनाच्या मते आप्त. शिवाय न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान आहे. संशय हा तेथे अपराध नाही, विचाराचा आरंभ आहे.

या कसोटीस आम्ही स्वतः उतरलो नाही, हे कबूल केले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत आमच्या टिपणांतील मताविरुद्ध सकारण लिहिले होते. ती कारणे न तपासताच आम्ही त्याचे गुण कापले. पुढे मूळ ग्रंथ पुन्हा वाचताना त्याचेच म्हणणे खरे असल्याचे आढळून आले. आणि ते टिपण आम्हीही आमच्या विद्यार्थिदशेत जसेच्या तसे उतरून घेतले होते, याचे स्मरण झाले. म्हणजे आमचा शब्द आप्ताचा नव्हताच. ऐकलेले पुढे सांगणारा तो एक निरोप्या होता. विद्यार्थी तोवर कॉलेज सोडून गेला होता.

पाठांतर, प्रयोग की संवाद, हा वाद पद्धतींचा आहे. तो चालू राहो. परंतु वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकाने एवढे तरी स्वतःस विचारावे, की आज जे सांगावयाचे ते आपणांस कशावरून ठाऊक आहे? ज्याला याचे उत्तर देता येते, तोच विद्यार्थ्याचा 'कशावरून?' हा प्रश्न न रागावता ऐकून घेऊ शकेल, असे आम्हांस वाटते.