आजीचं लुगडं, नातीचं माप

नवं बाळ आणि नवं कापड यांची गाठ मराठवाड्यात सहसा लगेच पडत नाही. हिमायतनगर घ्या, हदगाव घ्या की किनवट घ्या, बाळंतिणीच्या खोलीत पहिल्या दिवसांत लागणारं कापड घरातलंच असतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं फाडून त्याची दुपटी आणि लंगोट होतात, पुढे झबलं, टोपडं, कुंची. लुगडं आजीचं असावं, पणजीचं मिळालं तर फारच बरं. का, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते, हे एक. जिचं लुगडं तिचं आयुष्य बाळाला लाभावं, हे दुसरं. सांगणारी बाई दोन्ही कारणं एका दमात सांगते. त्यातलं एक शरीराचं आणि दुसरं श्रद्धेचं, अशी वाटणी तिच्या डोक्यातही येत नाही.

याच समजुतीची एक काळी बाजूही होती. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे पुढच्या बाळाला दुसऱ्यांच्या घरून मागून आणलेली धडुती घालत आणि त्याचं नाव भिकाजी, दगडू, धोंडू असं काही ठेवत. हे मूल कुणाच्या लेखी मोलाचं नाही, असं नियतीला भासवायचं. तेच जुनं कापड एका घरात आशीर्वाद म्हणून अंगावर चढे आणि दुसऱ्या घरात ढाल म्हणून.

मुलगी चालायला लागली की कुंची सुटते आणि शिवणकाम खऱ्या अर्थानं सुरू होतं. लुगड्याचा परकर शिवणं हे नव्या कापडापेक्षा जास्त डोक्याचं काम आहे. जुनं लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसण्याच्या जागी ते विरतं, पायाशी काठ दसकटतो, पदर मात्र बराच टिकून राहतो. म्हणून आधी ते उजेडाकडे धरून पाहायचं. जिथून पलीकडचं दिसतं तो भाग बाजूला काढायचा. काठ परकराच्या घेराला, पदर पोलक्याच्या पाठीला, आणि विरलेल्या भागाचं फार तर अस्तर. नेफ्यात नाडी, खाली दोन बोटं जास्तीची दुमड, कारण पोर वाढणार. नऊवारीत असा एक परकर, एक पोलकं आणि वर एखादा फ्रॉक आरामात निघतो. उरलेल्या चिंध्या वाकळीत जातात. आधीच्या पिढीतल्या बायका तर लुगडं मुलीकडे जायच्या अगोदर त्याला दंड घालत, म्हणजे मधला फाटका भाग काढून दोन चांगले तुकडे जोडत आणि आणखी वर्षभर नेसत. ज्या मुलखात शेतात कापूस पिकतो, तिथल्या घरात कापड इतकं जपून वापरावं लागे.

काटकसरीच्या कौतुकावर इथे थांबता आलं असतं. पण एक प्रश्न अडतो आणि तो धर्माचा आहे. एकाच्या अंगावरून उतरलेलं कापड दुसऱ्याच्या अंगावर चढतं, तेव्हा देणारा नेमकं काय देतो? माया, दान, की केवळ आपल्याला नको असलेलं?

मनुस्मृतीत याची दोन उत्तरं आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवली की डोळे उघडतात. चौथ्या अध्यायात विद्या पूर्ण करून गृहस्थ होणाऱ्या द्विजासाठी नियम आहे: दुसऱ्यानं वापरलेलं पादत्राण, वस्त्र, अलंकार, माळ वापरू नये. दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्रासाठी व्यवस्था आहे: त्याला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत. म्हणजे वापरलेल्या वस्त्राला दोष आहे हे ग्रंथाला पक्कं ठाऊक आहे. तो दोष कुणी अंगावर घ्यायचा हेही त्यानं ठरवून टाकलं आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले आणि जातीची खूण सांगणारी लुगडं नेसण्याची पद्धत, तसे दागिने सोडायला त्यांनी सांगितलं. ग्रंथाच्या दहनाइतकी या बोलण्याची चर्चा होत नाही. पण अंगावरचं कापड ही माणसाची जागा ठरवणारी गोष्ट आहे, हे ओळखणारा माणूसच असं बोलू शकतो. मराठवाड्यातल्या कित्येक बौद्ध घरांत 'कुणाचं उतरलेलं घालायचं नाही' हा बाणा आढळतो, त्याचं मूळ इथे शोधायला हरकत नाही.

जुनं देण्यावर आक्षेप घेणारा एक आवाज मात्र याहून बराच पुराणा आहे आणि तो एका मुलाचा आहे. कठोपनिषदातला नचिकेता बापाचा यज्ञ पाहतो. दक्षिणेत दिल्या जाणाऱ्या गाईंचं पाणी पिऊन झालं आहे, गवत खाऊन झालं आहे, दूध आटलं आहे. असलं दान देणारा आनंद नसलेल्या लोकांत जातो, असं त्याच्या मनात येतं आणि तो बापाला विचारतो, मला कुणाला देणार? पुढचं सारं तत्त्वज्ञान, यमाच्या दारातलं, या एका अवघडलेल्या प्रश्नातून निघतं. कुराणातल्या अल-बकरा या सूरेतही जवळपास हाच मुद्दा येतो. जी वस्तू स्वतः घ्यायची वेळ आली तर डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, ती खर्चण्यासाठी निवडू नये, अशी तिथे ताकीद आहे.

आता हे दोन्ही निकष आजीच्या लुगड्याला लावून पाहावेत. लुगड्याचंही पाणी पिऊन झालेलं असतं, गवत खाऊन झालेलं असतं. तरी नातीचं झबलं शिवणाऱ्या आजीला नचिकेता अडवणार नाही, हे सगळ्यांना आतून कळतं. का कळतं, हे सांगणं मात्र सोपं नाही.

उत्तराचा एक धागा सन २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सापडतो. मदत म्हणून आलेले वापरलेले कपडे अनेक कोळी कुटुंबांनी नाकारले आणि त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. सर्वस्व वाहून गेलेल्यांनी 'नको' म्हणावं, याचा अनेकांना राग आला. ते ढीग उचलून, निवडून, धुऊन उपयोगात आणण्याचं काम पुढे 'गूंज' या संस्थेनं हाती घेतलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही संस्था. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुने कपडे फुकट वाटायचे नाहीत, हे तिच्या कामाचं सूत्र आहे. गावानं आपल्याच गरजेचं काम करायचं, रस्ता, विहीर, बांध, आणि कपडे त्याचा मोबदला म्हणून घ्यायचे. भिकेचा वास जातो तो असा.

तरी एक फरक राहतोच. ट्रकमधून आलेला सदरा देणाऱ्याच्या मापाचा असतो. बाह्या त्याच्या, गळा त्याचा, पोटाचा घेर त्याचा. घेणाऱ्याला त्या दुसऱ्या माणसाच्या आकारात शिरावं लागतं आणि आरशात रोज त्याची आठवण येते. आजीच्या लुगड्यातून निघालेल्या परकरावर आजीचं माप उरलेलंच नसतं. ते कात्रीनं संपवलेलं असतं. कंबर त्या पोरीची, उंची त्या पोरीची, आणि खालची दोन बोटं दुमड तिच्या पुढच्या वर्षाची. उतरलेलं कापड आणि शिवलेलं कापड यांतली सीमा कापडाच्या वयावर ठरत नाही. टेप कुणाच्या अंगाला लावला, त्यावर ठरते. नचिकेत्याच्या बापानं गाई दिल्या तेव्हा घेणाऱ्या ब्राह्मणांच्या घरी दुधाची गरज किती, हे मोजलं नव्हतं. त्याचा खरा दोष तिथे होता, असं म्हणायला जागा आहे.

शिंप्याच्या अवजारांनी अध्यात्म बोलणारा संत याच भागातला. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी बामणी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ज्या नांदेडात या ग्रंथाला गुरुपद दिलं, तिथे सचखंड हुजूर साहिबमध्ये त्याचं पठण रोज चालतं. आसा रागातल्या एका पदात नामदेव आपल्या मनाला गज म्हणतात आणि जिभेला कात्री. गज म्हणजे मोजायची काठी. कापण्याआधी मोजणं येतं, हा धंद्याचा पहिला धडा भक्तीच्या पदातही तसाच राहिला आहे. कर्मकांडात मात्र सुईला मज्जाव. सोवळं म्हणजे न शिवलेलं वस्त्र. हजच्या इहरामातही पुरुषाच्या अंगावर शिलाई चालत नाही. देवापुढे जाताना माणसाचं माप पुसलं जावं, अशी काहीशी ही कल्पना असावी. मग माप घेऊन शिवणं हे मुळातच माणसामाणसांतलं काम ठरतं.

पण हा मापाचा सिद्धांत सगळीकडे बसत नाही, हे मान्य करायला हवं. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथात, बुद्धाचा शिष्य आनंद याची गोष्ट आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. एवढ्या वस्त्रांचं काय करणार, असं राजानं विचारलं. ज्यांची चीवरं विरली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग विरलेल्या चीवरांचं? पांघरुणं. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. खोळींचं जमिनीवरचं अंथरूण, त्याचं पायपुसणं, पायपुसण्याचं फडकं; आणि फडकं फाटलं की ते चिखलात कालवून जमीन सारवायची. इथे कुणाचंही माप घेतलेलं नाही, तरी कुणाचा अपमान होत नाही, कारण कापड कुणा एकाचं नाहीच. चीवरही मुद्दाम तुकडे जोडून शिवायचं, मगधातल्या बांधबंदिस्त शेतांसारखं. तुकडे केल्यानं कापडाची बाजारातली किंमत पडते आणि चोराला त्यात रस राहत नाही. आजीची कात्री कापडाचं मोल वाढवते, भिक्खूची कात्री ते हेतुपुरस्सर उतरवते.

दुसरा अपवाद मूळच्या गंगाखेडच्या जनाबाईचा, पंढरपुरातला. तिच्या झोपडीत मुक्कामाला आलेला विठ्ठल पहाटे घाईत उठतो, आपला शेला तिथेच विसरतो आणि जनीची फाटकी वाकळ पांघरून राउळात उभा राहतो. देवाचं पदकही तिच्याकडे सापडतं, तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि सुळाची शिक्षा होते. कथा पुढे चमत्काराकडे जाते. पुजाऱ्यांना खुपलं ते पदक. ऐकणाऱ्या बायकांना मात्र वाकळच आवडते, आणि बायकांचंच बरोबर आहे. मनूची उतरंड इथे उलटी झाली आहे: दासीचं जीर्ण वस्त्र देवाच्या अंगावर.

मापाकडे परत यायचं तर, सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, रेचल ओनील यांनी २००८ मध्ये 'लिटल ड्रेसेस फॉर आफ्रिका' ही संस्था सुरू केली. उशीच्या अभ्र्याचे फ्रॉक शिवायचे आणि दूरदेशीच्या मुलींना पाठवायचे. अभ्र्याचं तोंड खाली, वर हातांसाठी दोन गोलाई, गळ्यात ओवलेली पट्टी, खांद्यावर गाठ. मुलगी कधीच दिसणार नाही, म्हणून माप नाडीवर सोपवलेलं. स्थानिक शिंप्याला काम द्यायचं सोडून कपडे कशाला पाठवायचे, अशी टीका अशा उपक्रमांवर होते आणि ती रास्त आहे. पण गाठ बांधून लहानमोठं करता येणारा फ्रॉक हा मापाच्या प्रश्नाला दिलेला प्रामाणिक, जरा भोळा जबाबही आहे.

लहान मुलीच्या कपड्याची आणखी एक आठवण बुखारीच्या हदीससंग्रहात आहे, उम्म खालिद नावाच्या लहानगीची. पैगंबरांकडे नक्षीचं एक छोटं वस्त्र आलं. त्यांनी त्या पोरीला बोलावून आपल्या हातानं ते तिला घातलं आणि ते झिजेपर्यंत, जीर्ण होईपर्यंत तिनं वापरावं अशी दुवा दिली. कापड जुनं व्हावं, म्हणजे नेसणारी तेवढी जगावी. आजीच्या लुगड्यामागची समजूत हीच. ती फक्त दुसऱ्या टोकाकडून निघते.

या सगळ्या मायेत एक खडा आहे आणि तो मुलींच्याच वाट्याला येतो. दिवाळीला मुलाला दुकानातला सदरा आणि मुलीला आईच्या साडीचा फ्रॉक, अशी वाटणी जिथे झाली, तिथे कुशल शिलाईही ती भेदरेषा झाकू शकत नाही. साताऱ्यात २०११ मध्ये नकुसा, नकोशी अशा नावांच्या २८५ मुलींना प्रशासनानं समारंभानं नवी नावं दिली. ज्या घरात पोरीचं नावच असं ठेवलं जातं, तिथलं जुनं कापड आशीर्वाद असेल, असं समजणं फार उदारपणाचं होईल. कापड तेच, टीप तीच. घरात दुसऱ्या कुणाला काय मिळालं, यावर त्याचा अर्थ फिरतो.

अलीकडे हिशेबही फिरला आहे. हिमायतनगरात महाशिवरात्रीला परमेश्वर मंदिराच्या यात्रेत झालरी लावलेले तयार फ्रॉक टांगलेले असतात, आणि गावोगावच्या बाजारांत असा फ्रॉक जुन्या साडीच्या शिलाईपेक्षा स्वस्त पडू लागला आहे. विरलेल्या कापडाला टीप धरत नाही, म्हणून शिंपीही असलं काम टाळतो. साड्या बोहारणीच्या गाठोड्यात जातात, बदल्यात एखादं पातेलं येतं. तिकडे पुण्या-मुंबईच्या बुटिकांत आईच्या पैठणीचा लेहंगा लेकीच्या वाढदिवसासाठी चांगले पैसे मोजून शिवला जातो आणि तिथे तो हौसेचा भाग असतो. यात्रेतल्या फ्रॉकवर माप म्हणून एक आकडा असतो, २० किंवा २२. पोरीचा हात धरून आई तो फ्रॉक तिच्या पाठीला लावून बघते, खांदा उतरतोय का ते पाहते, आणि दुकानदाराला एक नंबर मोठा मागते.