उंची कुणाच्या खर्चाने?

चार इंची लिफ्ट किट कार्टमध्ये टाकून मी तीन आठवडे नुसताच बसलो होतो. गाडी काकाची. महिंद्राची एमएम 540, तीस वर्षांपेक्षा जुनी. गुडघे दुखायला लागल्यावर काका म्हणाला, "तू घे. पण चालवणार असशील तरच घे. दारात झाकून ठेवायला नको." तेव्हापासून शनिवार-रविवार मी तळ्याला असतो आणि बहुतेक वेळ गाडीखाली आडवा असतो.

लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनची उंची वाढवून चासी आणि बॉडी वर उचलणं. पाट्याच्या गाडीत याचे ठरलेले मार्ग आहेत: लांब शॅकल लावा, पाट्यात एखादी जास्तीची पट्टी घाला, पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळा बसवा किंवा जास्त कमान असलेले नवे पाटेच आणा. शॅकल स्वस्त, नवे पाटे महाग. यातलं काय निवडायचं, एवढाच आपला प्रश्न आहे असं मला वाटत होतं.

गाडी बघून मिस्त्रींनी वेगळंच विचारलं. "कशाला हवीय उंची?"

"शेताकडे जाताना जांभ्याचे दगड खाली लागतात."

"मग वाकून बघ, खाली सगळ्यात आधी काय लागतं."

वाकून बघितलं. मागच्या ॲक्सलच्या मध्यावर भोपळ्यासारखा गोळा असतो, तो डिफरेन्शियल. सगळ्यात खाली तोच. ॲक्सल चाकांना जोडलेला असतो आणि पाटे त्याच्यावर बॉडी पेलतात. त्यामुळे पाटे कितीही उंच केले तरी वर जाते ती बॉडी. गोळा जिथल्या तिथे राहतो. तो वर न्यायचा तर मोठे टायर लागतात, आणि तेही टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एकच इंच वर जातो. लिफ्टचा उपयोग नसतो असं नाही. मोठ्या टायरला जागा मिळते, चढाच्या तोंडाशी बंपर टेकत नाही, खड्ड्यात बॉडी अडकत नाही. पण माझी तक्रार गोळ्याची होती, आणि त्यावर मी विकत घेत असलेला उपाय गोळ्याला शिवतही नव्हता.

मग मला नक्की काय हवं होतं? प्रामाणिक उत्तर लाजिरवाणं आहे. मला ती गाडी उंच दिसायला हवी होती. तळगडाच्या पायथ्याशी काढलेला फोटो डोळ्यासमोर तयारच होता.

यावर एक सोपं उत्तर असतं: जुनी गाडी जशी आहे तशीच ठेवावी, तिच्या मूळ रूपाला हात लावू नये. मला ते पटत नाही. या गाडीचं मूळ रूप कोणतं म्हणायचं? घाट अमेरिकन विलिसचा, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा. इंजिन फ्रेंच प्यूजोच्या डिझेलचं. बांधणी महिंद्राची. शिवाय काकाने मागे स्वतः लाकडी बाकं बसवून घेतलेली. ही गाडी जन्मापासून बदलत आली आहे. बदल करणं हे पाप असेल तर ती मुळात तयारच झाली नसती.

दुसरं उत्तर कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे वाचून मी थबकलो, पण खरं सांगतो, पटलं नाही. पकडले जाण्याची भीती आणि चूक कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे रस्त्यावर किती उंच गाड्या फिरतात हे मी रोज बघतो.

पटलं ते दोन गोष्टींनी. पहिली गोष्ट म्हणजे एक भागाकार. गाडी आडवी उलटेल का, याचा ढोबळ अंदाज घ्यायचा तर दोन चाकांमधली रुंदी घ्यायची आणि तिला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. अमेरिकेत 2001 पासून गाड्यांना उलटण्याच्या धोक्याचं जे मानांकन देतात, त्याच्या मुळाशी हाच आकडा आहे. समजा रुंदी 48 इंच आणि गुरुत्वमध्य 24 इंचांवर आहे. भागाकार येतो 1. चार इंची लिफ्टने बॉडी वर गेली, ॲक्सल आणि चाकं खालीच राहिली, म्हणून गुरुत्वमध्य साधारण तीन इंच चढला असं धरू. आता भागाकार 0.89. म्हणजे गाडी उलटवायला आधीपेक्षा सुमारे अकरा टक्के कमी आडवा जोर पुरतो. त्याखेरीज स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलतो, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट तिरके चालतात, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. जुन्या कोडमधली एक ओळ बदलली की चार ठिकाणी काहीतरी मोडतं, तसंच.

इथपर्यंत कुणी म्हणेल, "गाडी माझी, मान माझी." पण मागच्या बाकांवर बसणाऱ्यांनी हा भागाकार केलेला नसतो. काकाच्या गाडीत नेहमी कुणी ना कुणी असतं. मिनिडोर चुकलेली शाळकरी पोरं असतात, बाजाराला निघालेली शेजारची आजी असते. फोटो माझा निघणार, आणि वळणावरचे ते अकरा टक्के सगळ्यांच्या वाट्याला येणार.

दुसरी गोष्ट मागच्या पावसाळ्यातली. रात्री बाइकवरून इंदापूरहून तळ्याला येत होतो. समोरून एक उचललेली जीप आली. तिचे दिवे रस्त्यावर पडत नव्हते, माझ्या डोळ्यांत पडत होते. दोन-तीन सेकंद मला काहीच दिसलं नाही. बाइक कडेच्या चरात गेली, कोपर सोललं, एवढंच. चालवणाऱ्याला काही कळलंही नसेल. त्याने मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. गाडी उचलल्यावर दिवे पुन्हा खाली लावून घ्यायचे असतात, ते राहून गेलं असणार. तीन आठवडे कार्टकडे बघताना मी सारखा त्या जीपमध्ये बसत होतो. समोरच्या बाइकवरही मीच होतो, हे मला फार उशिरा आठवलं.

फ्रेड हिर्श नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1976 सालच्या एका पुस्तकात मांडलेला मुद्दा असा: सगळेच चवड्यांवर उभे राहिले तर कुणालाच जास्त दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. गाड्यांच्या उंचीचं तसंच आहे. माझी उंची इतर खाली असतील तोवरच उंची. आणि जो खालीच राहतो, पायी किंवा सायकलवर, त्याला या शर्यतीत कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून आता मला वाटतं, बदलाची परीक्षा जुनं-नवं अशी घेऊ नये. फायदा कुणाला आणि धोका कुणाला, हे विचारावं. दोन्ही एकाच माणसाकडे असतील तर त्याने हवं ते करावं. वेगवेगळ्या माणसांकडे असतील तर दुसऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि रस्त्यावर त्या दुसऱ्याला विचारायची सोय नसते.

किट कार्टमधून काढलं. मिस्त्रींनी टेप लावून मोजलं. डावी बाजू उजवीपेक्षा खाली, आणि बंप स्टॉपचं रबर ॲक्सलला जवळजवळ टेकलेलं. "पाटे बसलेत," ते म्हणाले. "तुला उंची वाढवायची नाहीये, गेलेली परत आणायचीय." मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश, नवे शॉक ॲब्सॉर्बर घातले. दीड इंच परत मिळाला.

पहिल्या फेरीला काका शेजारी बसला. शेताच्या रस्त्यावर मधोमध एक दगड आला. मी नेहमीसारखा तो दोन चाकांच्या मध्ये घ्यायला गेलो.

"अरे, मध्ये नको घेऊ. चाकाखाली घे."

चाक दगडावर चढलं, त्याबरोबर ॲक्सल उचलला गेला आणि गोळा सहज पलीकडे गेला. तीस वर्षं तो याच रस्त्यावरून असाच जात होता.

येताना अंधार झाला. समोरून एक बाइक आली तेव्हा मी आधी डिपर दिला.